शितोळे चालत नाही, चोर चालतो

कर्वेरोडकर (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री १०.५०

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून इथे ओततोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मेव्हणा दौंडकडे असतो, घरचं गुऱ्हाळ आहे. यंदा त्याच्या मनानं घेतलं की गूळ आणि काकवी व्यापाऱ्याला न देता डायरेक्ट पुण्यात विकायची. वेबसाइटचं काम अर्थातच दाजीकडे, आणि अर्थातच फुकट. परवा संध्याकाळी गुळाची ढेप घेऊन घरी आला, चहा झाला, लॅपटॉप उघडला, एका वेबसाइट बनवून देणाऱ्या कंपनीच्या फॉर्मात आडनाव आणि पुढे गूळ असं इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाकलं, तर खाली लाल पट्टी. नावात आक्षेपार्ह शब्द आहे, दुसरं नाव निवडा. मला आधी कळेचना, गुळात काय आक्षेपार्ह. मग लक्षात आलं. मेव्हण्याचं आडनाव शितोळे. पहिली चार अक्षरं एस, एच, आय, टी.

तो शांतपणे म्हणाला, "दाजी, सातबाऱ्यावर चार पिढ्या हेच नाव आहे, तलाठ्यानं कधी आक्षेप घेतला नाही."

आता दुसरी भानगड. आमच्या सोसायटीत (कोथरूड, याच्या पुढे विचारू नका) पार्किंग आणि रंगकामावरून दोन वर्षं महाभारत चालू आहे. गेल्या सोमवारी नोटीस बोर्डावर कुणीतरी चिठ्ठी चिकटवली, त्यावर एक वेबसाइटचा पत्ता. आधी सोसायटीचं नाव, मग चेअरमन, मग चोर, शेवटी डॉट कॉम. उघडून बघितलं तर एकच पान, रंगकामाच्या तीन कोटेशनांचे फोटो, तीन वेगळी लेटरहेडं आणि तिन्हीवर 'रुपये' मधला 'रु' अगदी सारखा, वर गोल वळण दिलेला. बाकी शिव्या वगैरे काही नाहीत. चेअरमनकाका ७१ वर्षांचे, रात्री साडेनऊला बेल वाजवून म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना, हे बंद कर."

तर प्रश्न असा की शितोळे अडवणाऱ्या जगात चोर आरामात कसा जातो? आणि मुळात नाव घेतानाच अडवायचा अधिकार कुणाला असावा का?

तीनपेठी
मंगळवार, रात्री ११.०५

दीक्षितांचं काय होत असेल मग, त्यांच्यात तर दोन सापडतात :)

उगाचच
मंगळवार, रात्री ११.१२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तो 'रु' कुणाचा ते आधी सांगा.

मोडेमवाला
बुधवार, सकाळी ७.२०

कर्वेरोडकर, आधी मेव्हण्याला सांगा की आडनाव बदलू नकोस, दुकान बदल. तुम्हाला अडवलं ते डॉट कॉमची सगळी नावं सांभाळणाऱ्या मुख्य रजिस्ट्रीनं नाही, त्या कंपनीनं स्वतःच्या फॉर्मात बसवलेल्या चाळणीनं. दुसऱ्या कुठल्याही रजिस्ट्रारकडे (म्हणजे नावं विकणाऱ्या कंपनीकडे) जा, शितोळे दोन मिनिटांत मिळेल.

पण एके काळी दुसरं दुकानच नव्हतं, हे आजच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. नव्वदच्या दशकात डॉट कॉम द्यायचा मक्ता अमेरिकेत नेटवर्क सोल्यूशन्स नावाच्या एकाच कंपनीकडे होता. १९९५ पासून त्यांनी पैसे घ्यायला सुरुवात केली, दोन वर्षांचे १०० डॉलर. आणि त्यांच्याकडे सात शिव्यांची यादी होती, तीच जी रेडिओवर चालत नाही म्हणून १९७८ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टापर्यंत गाजली. नावात त्यातलं काही सापडलं की मशीनच नाही म्हणायचं. १९९८ मध्ये एकानं शिटाके मशरूमच्या नावानं डोमेन (म्हणजे वेबसाइटचं नाव) मागितलं, ते अळंबीचं नाव, त्यालाही नकार. तुमच्या मेव्हण्याचा भाऊच म्हणा. त्याच्या दोन वर्षं आधी इंग्लंडातल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट कंपनीचं खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावात पोटात एक शिवी दडलेली. या प्रकाराला अजून स्कन्थॉर्प प्रॉब्लेम म्हणतात. आपल्याकडे शितोळे प्रॉब्लेम म्हणायला हरकत नाही.

काही लोक कोर्टात गेले की आमचं भाषणस्वातंत्र्य मारलं. २००० मध्ये न्यू हॅम्पशरच्या फेडरल कोर्टानं सांगितलं की नेटवर्क सोल्यूशन्स ही खाजगी कंपनी आहे, सरकार नाही, त्यामुळे राज्यघटनेतलं भाषणस्वातंत्र्य तिच्यावर लागू होत नाही. मला हा निकाल तेव्हाही पटला नव्हता. सरकारनंच मक्ता दिलाय, दुसरं दार नाही, आणि तरी म्हणायचं की हे खाजगी दुकान आहे, पटत नसेल तर दुसरीकडे जा. कुठे जा? १९९९ मध्ये बाकीचे रजिस्ट्रार आले, ज्यांना शिव्यांशी देणंघेणं नव्हतं, आणि प्रश्न बाजारानंच मिटवला. २००१ मध्ये असलीच दुसरी केस वरच्या कोर्टात पोचली तेव्हा कोर्ट म्हणालं आता वादच उरला नाही, घरी जा.

म्हणून माझं मोजमाप साधं आहे. नकार देणाऱ्याच्या शेजारी दुसरं दुकान असेल तर तो नुसता वैताग. नसेल तर सेन्सॉरशिप.

तीनपेठी
बुधवार, सकाळी ९.४०

+१. दुकान एक असेल तर ते दुकान दुपारी १ ते ४ बंद पण असणार, हा अनुभव.

सदाफुली७७
बुधवार, सकाळी ११.१५

मोडेमवाला, माहिती छान, पण मला एक कळत नाही. इंग्रजी शिव्या अडवतात तर मराठी शिव्या का नाही अडवत? एक यादी करायची, चोर, हरामखोर आणि पुढचे सगळे, आणि सगळ्या रजिस्ट्रारना द्यायची. सरकारला अवघड आहे का? ७१ वर्षांच्या माणसाला जिन्यात मान खाली घालून जावं लागतंय आणि तुम्ही लोक अळंबीवर चर्चा करताय.

चोरगे_सातारारोड
बुधवार, दुपारी १२.०२

नमस्कार. मी चोरगे. आमच्या शेजारी चोरघडे राहतात. यादी करताना आधी कळवा, अर्ज कुठे करायचा ते विचारून ठेवतो.

उगाचच
बुधवार, दुपारी १२.०५

दंडवत _/\_ धागा इथेच संपवा.

तीनपेठी
बुधवार, दुपारी १२.३०

सदाफुलीताई, मराठी यादीची गंमत सांगतो. मी राहतो तिथून चालत खुन्या मुरलीधर, भिकारदास मारुती, सोट्या म्हसोबा. तुमच्या यादीनं पुण्याचे निम्मे देव ऑफलाइन जातील. परत बाई म्हटलं की आपल्याला शाळेतल्या बाई आठवतात, उत्तरेत काही ठिकाणी त्याच शब्दाला कपाळावर आठ्या पडतात. म्हणजे कान कुणाचा धरायचा? आणि आपल्या लोकांची प्रतिभा बघता (शिमग्याला बोंब मारताना ऐकलंय ना?) एकही शिवी न वापरता आईवरून जाता येतं. पुणेरी पाट्यांमध्ये कुठे शिवी असते, तरी वाचणारा दोन दिवस जेवत नाही.

मोडेमवाला
बुधवार, दुपारी ३.१०

अजून एक, थोडं टेक्निकल. २०१४ पासून डॉट भारत आहे, देवनागरीत पूर्ण पत्ता घेता येतो, मराठी पण आहे त्यात. पण नेटची जुनी यंत्रणा फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि डॅश ओळखते, त्यामुळे देवनागरी नाव आतमध्ये एक्सएन, दोन डॅश आणि पुढे अगम्य अक्षरं असं बदलून साठवतात. इंग्रजी शिव्यांची चाळणी ते अगम्य रूप बघते आणि खुशाल पुढे सोडते. तिला शितोळे दिसतो कारण तो इंग्रजीत लिहिलाय, देवनागरीतली खणखणीत शिवी दिसतच नाही.

आणि जागा नसते हो नावात! सगळे शब्द एकमेकांना चिकटून. एक्सपर्ट्स एक्स्चेंज नावाची प्रोग्रामर लोकांची साइट होती, चिकटवून वाचलं की 'एक्सपर्ट सेक्स चेंज' व्हायचं, शेवटी मध्ये डॅश टाकला त्यांनी. मशीनला कसं कळणार शब्द कुठे तोडायचा, माणसाला कळत नाही.

जंगलीमहाराजरोड
बुधवार, सायं. ५.४५

वकिली पेशातला आहे, पण हा सल्ला समजू नका, गप्पा समजा.

लोक दोन गोष्टींची खिचडी करताहेत. नाव घाणेरडं असणं वेगळं आणि नाव दुसऱ्याचं असणं वेगळं. आपल्या कोर्टांनी दुसऱ्या प्रकारावर भरपूर काम केलंय. रेडिफनं मुंबई हायकोर्टात केस केली होती, समोरच्यानं एक अक्षर बदलून रॅडिफ घेतलं होतं, कोर्टानं थांबवलं. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही, धंद्याची ओळख आहे, ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळेल. कोर्टात न जाता पण सोय आहे. नावांचे तंटे सोडवायची पद्धत, डॉट कॉमसाठी १९९९ पासून यूडीआरपी, डॉट इनसाठी आयएनडीआरपी. तक्रारदारानं दाखवायचं की नाव माझ्या मार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही आणि हेतू वाईट आहे.

बघा यात कुठेही 'अश्लील' किंवा 'अपमानकारक' हा निकष नाही. आणि चेअरमनकाकांचा ट्रेडमार्क नाही, तेव्हा हे दार त्यांना बंद.

राहिला अपमान. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून उचललं होतं ते आठवतंय? त्यातून आयटी कायद्याच्या ६६ अ कलमावर श्रेया सिंघल केस उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं ते कलमच उडवलं. मुद्दा हाच होता की 'अत्यंत आक्षेपार्ह' म्हणजे काय हे कुणालाच सांगता येत नाही, मग पोलीस सांगतील तेच. घटनेच्या १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावरच्या बंधनांची यादी आहे, त्यात अब्रूनुकसानी आहे, सभ्यता आहे, पण 'मला राग आला' नाही. काकांना खरंच वाटत असेल की चोर हा खोटा आरोप आहे तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, दिवाणी दावा आहे. पण मग कोर्टात तीन कोटेशनं पुराव्यात येतील आणि तो 'रु' पण येईल. काकांना विचारा एकदा.

सदाफुली७७
बुधवार, सायं. ६.१०

म्हणजे म्हातारा माणूस पाच वर्षं कोर्टात. छान.

मृ_कर्वेनगर
बुधवार, रात्री ९.३५

मी सहसा लिहीत नाही इथे. पण सगळ्यांना एवढं हसू येतंय म्हणून लिहिते.

माझी एक मैत्रीण, हॉस्टेलला एकत्र होतो. तिनं एकाला नाही म्हटलं. आठ दिवसांनी तिचं पूर्ण नाव, आडनाव आणि पुढे एक शब्द, जो मी इथे लिहिणार नाही, असं डॉट कॉम सुरू झालं. साइटवर काहीच नव्हतं. कोरं पान. फोटो नाही, मजकूर नाही, फक्त नाव. रजिस्ट्रारला मेल केला, उत्तर आलं की आम्ही मजकूर साठवत नाही, होस्टिंगवाल्याशी (ज्याच्या सर्व्हरवर साइट असते तो) बोला. होस्टिंगवाला म्हणाला पान कोरं आहे, आम्ही काय काढू, नावाचं रजिस्ट्रारला विचारा. एकोणीस दिवस हा खो-खो. मालकाचं नाव प्रायव्हसीच्या पडद्याआड. तेव्हा तिचे कॅम्पस इंटरव्ह्यू चालू होते. ती स्वतःची ओळख करून देताना आडनाव गाळायला लागली, अजूनही गाळते.

वकील साहेब, तिचा पण ट्रेडमार्क नाही. म्हणजे कंपनीच्या नावाला एक अक्षर लागलं तर हायकोर्ट, आणि मुलीच्या नावाला शिवी लागली तर खो-खो. तुमची चाळणी नको हे पटतं मला, शितोळेंचं ऐकून वाईटही वाटलं, पण 'अभिव्यक्ती' म्हणणाऱ्या किती जणांचं स्वतःचं नाव कधी असं टांगलं गेलंय?

मोडेमवाला
बुधवार, रात्री १०.२०

मृ, तुमच्या पोस्टनंतर माझं ते दुकानाचं मोजमाप तोकडं वाटायला लागलंय. मला नाव घेणाऱ्याला नकार मिळतो तेवढाच दिसत होता, नाव ज्याचं वापरलं त्याला जायला एकही दुकान नसतं हे डोक्यात नव्हतं आलं.

ब्रिटनमध्ये हा घोळ झाला होता. डॉट यूके चालवणाऱ्या नॉमिनेटनं लॉर्ड मॅकडोनाल्ड म्हणून एका माजी सरकारी वकिलाला अहवाल लिहायला सांगितला, २०१४ च्या सुरुवातीला तो आला. त्यांनी म्हटलं की वाईट शब्दांची राखण करायच्या फंदात पडू नका, पण जे नावच गंभीर लैंगिक गुन्ह्याची जाहिरात करतं किंवा त्याला चिथावणी देतं ते बंद करा. तेही नोंदणी झाल्यावर माणसानं बघून. मला हे बरं वाटतं. पण मैत्रिणीच्या केसला ते पण पुरलं असतं का? कोरं पान, नाव आणि शिवी. बहुतेक नाही.

जंगलीमहाराजरोड
बुधवार, रात्री ११.००

@मृ, तुमचं बरोबर आहे, यूडीआरपी ही कंपन्यांनी कंपन्यांसाठी केलेली सोय आहे. वायपोकडे (संयुक्त राष्ट्रांची बौद्धिक संपदा संस्था) एक तज्ज्ञ नेमून एका डोमेनची तक्रार करायची फीच १५०० डॉलर. हॉस्टेलची मुलगी कुठून आणणार.

२०२१ च्या आयटी नियमांमध्ये एक गोष्ट आहे, नग्नता, लैंगिक कृत्य किंवा तोतयेगिरीचा मजकूर असेल तर त्या व्यक्तीच्या तक्रारीवर मध्यस्थ कंपनीनं ठरलेल्या मुदतीत काढायचा (मूळ मुदत २४ तास होती, २०२६ मध्ये ती आणखी कमी केली). पण नियम मजकुराच्या भाषेत लिहिलाय. नाव हाच मजकूर असेल तर? कंपनी म्हणणार आम्ही फक्त पत्ता विकतो. हा युक्तिवाद मी समोरच्या बाजूनं कोर्टात ऐकलाय आणि न्यायाधीशांचा चेहरा बघण्यासारखा होता.

तीनपेठी
गुरुवार, सकाळी ८.१५

मृ, सॉरी. आधीच्या पोस्टी तुमची वाचायच्या आधी टाकल्या होत्या.

पण एक भीती आहे. 'तक्रार आली की लगेच बंद' असं झालं तर पहिली तक्रार तुमची मैत्रीण नाही करणार, पहिली चेअरमनकाका करणार. दुसरी बिल्डर, तिसरी नगरसेवक. नाझींच्या विरोधात शिवी असलेलं एक डॉट यूएस डोमेन होतं अमेरिकेत, २०१७ चं. तिथे तीच सात शब्दांची जुनी यादी अजून चालू होती, घेतल्यावर बंद केलं त्यांनी. नाझींना शिवी दिली म्हणून! ईएफएफ (नेटवरच्या हक्कांसाठी लढणारी संस्था) आणि हार्वर्डचे लोक भांडले तेव्हा २०१८ मध्ये परत मिळालं. आणि त्याच २०१७ च्या ऑगस्टमध्ये, शार्लट्सव्हिलमधल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मोर्चानंतर, खऱ्याखुऱ्या नाझी साइटला गोडॅडी आणि गूगल या रजिस्ट्रारनी डोमेनवरून हाकललं, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता विचार करतो की कुठल्या नियमानं हाकललं? कंपनीच्या मर्जीनं. मर्जी आज आपल्या बाजूची आहे एवढंच.

चोरगे_सातारारोड
गुरुवार, सकाळी ९.५०

यात पैसा पण आहे हो. डॉट सक्स नावाचं एक्स्टेन्शन निघालं २०१५ ला, कंपनीचं नाव आणि पुढे सक्स, म्हणजे शिव्या घालायची हक्काची जागा. आणि ट्रेडमार्कवाल्यांना म्हणे आधी तुम्हीच घ्या, वर्षाला २,४९९ डॉलर. शिवी पण तुम्हीच विकत घ्या. आमच्या आळीत याला वेगळा शब्द आहे.

प्रश्नचिन्ह
गुरुवार, दुपारी १.२५

आजच आयडी काढला. धागा सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय.

ते डोमेन माझं आहे. मला फक्त एवढंच सांगायचं आहे की मी चेअरमनना चोर म्हटलेलं नाही. मला 'चेअरमन चोर?' असं हवं होतं. डोमेनमध्ये प्रश्नचिन्ह चालत नाही, फॉर्मनं घेतलं नाही. स्पेस पण चालत नाही. पानावर सगळ्यात वर मोठं प्रश्नचिन्ह टाकलंय, बघा.

सात पत्रं दिली मी कमिटीला. सातव्या पत्राची पोच मागितली तर वॉचमननं सही केली. त्यानंतर डोमेन घेतलं, एका वर्षाचं, सेलमध्ये.

उगाचच
गुरुवार, दुपारी १.२७

धाग्याला आज चार चांद लागले. आता काका पण आयडी काढतील.

सदाफुली७७
गुरुवार, दुपारी २.००

प्रश्नचिन्ह, तुमचं नाव लावा ना मग पानावर. कोटेशनं खरी असतील तर लपता कशाला?

प्रश्नचिन्ह
गुरुवार, दुपारी २.४०

पार्किंगची लॉटरी पुढच्या महिन्यात आहे म्हणून.

मृ_कर्वेनगर
गुरुवार, दुपारी ३.०५

@प्रश्नचिन्ह तुमचं पटतं मला, खरंच. पण माझ्या मैत्रिणीच्या वेळी पण समोरचा याच पडद्याआड होता. दोघांना एकच पडदा. एवढंच लिहायचं होतं.

जंगलीमहाराजरोड
गुरुवार, सायं. ४.३०

पडदा राहू दे, पण तो उचलायचा कधी आणि कुणी, हे ठरलेलं पाहिजे. आत्ता रजिस्ट्रारच्या कॉल सेंटरवरचा पोरगा ठरवतो. निदान नकार देताना किंवा बंद करताना कारण लेखी, नावासकट, आणि दाद मागायला एक जागा. शितोळेंना कुणी सांगितलं का कुठला शब्द आक्षेपार्ह आहे? लाल पट्टी, विषय संपला.

कर्वेरोडकर (धागाकर्ता)
शुक्रवार, रात्री १०.१०

अपडेट. मोडेमवाला म्हणाले तसं दुसऱ्या रजिस्ट्रारकडे गेलो, शितोळे गूळ मिळालं, दोन मिनिटं पण लागली नाहीत. मेव्हण्यानं डॉट भारत पण घ्यायला लावलं, म्हणे आईला वाचता आलं पाहिजे. पहिल्या कंपनीला मी मेल टाकलाय की तुमची चाळणी काय शोधते ते सांगा, स्वयंचलित उत्तर आलंय, आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे. गूळ चांगला आहे, हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा (जाहिरात वाटली तर संपादक मंडळानं उडवा, लेखी कारण द्या फक्त).

आज काका परत आले. धागा त्यांच्या मुलानं वाचून दाखवला होता म्हणे. मला वाटलं ओरडणार. बसले, पाणी मागितलं, म्हणाले, "ते वर्षानं संपतं ना? मग संपलं की तू घेऊन टाक, सोसायटीच्या खर्चानं." मी सांगितलं की काका, संपलं म्हणजे लगेच मोकळं होत नाही, डॉट कॉमला आधी ४५ दिवसांपर्यंत जुन्या मालकाला रिन्यू करता येतं, मग अजून ३० दिवस दंड भरून परत घेता येतं, मग ५ दिवसांनी सुटतं. त्यांनी बोटांवर मोजलं, म्हणाले चालेल, तोपर्यंत मीच चेअरमन आहे.

मी विचारलं, ठराव कुठल्या हेडखाली टाकायचा.

म्हणाले, "रंगकाम."